सहज आलेल्या माणसांची मोजणी

सन दोन हजार एकसष्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी कुर्लेबंदर ग्रामपंचायतीच्या फलकावर एक तक्ता झळकला. गावातल्या प्रत्येक गोष्टीचं वर्षाचं मोल त्यात लिहिलं होतं. मासळी, दोन कोटी दहा लाख. माडांच्या बागा, अठ्ठेचाळीस लाख. चिऱ्यांची जुनी खाण, सहा हजार. तिच्यात पाणी साठतं आणि म्हशी बसतात. आणि सगळ्यात खाली, पुळण: शून्य.

पुळण म्हणजे समुद्रकाठची सपाट वाळू. मागच्या रविवारी तिची मोजणी झाली तेव्हा तिच्यावर दोनशे चौदा माणसं होती, असंही त्याच तक्त्यात लिहिलं होतं. म्हणजे म्हशी बसतात त्या खड्ड्याला सहा हजार आणि माणसं बसतात त्या वाळूला शून्य. गावातल्या मोठ्या माणसांनी तक्ता वाचला, चष्मा पुसला आणि ती घरी गेली. छापलेला आकडा चुकीचा असू शकतो ही शंका माणसाला साधारण बाराव्या वर्षापर्यंतच येते.

केतकी कोयंडे अकरा वर्षांची होती.

तिला शंका येण्याचं आणखी एक कारण होतं. कुर्लेबंदर हे गाव डोंगराच्या उतारावर आहे. नावात बंदर असलं तरी तिथं बंदर नाही, कुर्ल्या (खेकडे) मात्र भरपूर आहेत. सपाट म्हणावी अशी जागा अख्ख्या गावात दोनच. एक पुळण आणि दुसरी सरपंचबाईंची गच्ची. गच्चीवर कबड्डी खेळून पाहिली होती. तो सामना सरपंचबाईंच्या पापडांनी जिंकला. तेव्हापासून गावातल्या मुलींचा कबड्डी संघ ओहोटीला पुळणीवर खेळत असे. वेळापत्रक समुद्र ठरवायचा. केतकी त्या संघाची कप्तान होती आणि रविवारी संध्याकाळी खाडीपलीकडच्या चाफेखोल गावाशी अंतिम सामना होता.

तालुक्याला एक शीतगृह (मासळी थंड ठेवण्याची मोठी इमारत) बांधायचं होतं, आणि नियम असा होता की ते सगळ्यात कमी मोलाच्या जागेवर बांधावं. शून्याहून कमी मोलाची जागा तालुक्यात दुसरी नव्हती. तक्त्यावर रविवारी संध्याकाळी सहा वाजता शिक्का बसला की पुळणीवर भिंती उभ्या राहणार होत्या.

घरी दाद मागावी, तर बाबांनाच शीतगृह हवं होतं. दामोदर कोयंडे पहाटे मासळी आणत आणि ती खराब होऊ नये म्हणून दुपारच्या आत मिळेल त्या भावाला विकत. ते म्हणाले, खेळ काय, कुठेही होतो. केतकीने विचारलं, कुठे. बाबांनी उताराकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

तेव्हा केतकी सरळ तक्ता करणाऱ्याकडेच गेली.

तो एक यंत्रमानव होता. कागदोपत्री त्याचं नाव मूल्यमापक यंत्र क्रमांक सत्तावीस, पण गावाने त्याला मापारी म्हणायला सुरुवात केली होती. पूर्वी धान्य मापून देणाऱ्याला मापारी म्हणत. या मापाऱ्याला तीन पाय होते, वाळूत रुतू नयेत म्हणून पायाखाली परातीएवढे पंजे होते आणि डोक्यावर सूर्यप्रकाशावर वीज तयार करणारी टोपी होती. तो कधी चिडत नसे. त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात काही राम नव्हता.

केतकीने विचारलं की पुळणीला शून्य कसं काय दिलं. मापारी म्हणाला की नियमाप्रमाणे. नारळ विकला जातो, त्याला भाव असतो. मासळीचा लिलाव होतो, तिला भाव असतो. म्हशींचा मालक खाणीचं भाडं भरतो. पुळण कुणी विकत नाही, तिला तिकीट नाही, पावती नाही.

"मग हवेला पण शून्य देणार?" केतकीने विचारलं.

मापाऱ्याने टोपी उन्हाकडे वळवली. मग म्हणाला, "प्रश्न योग्य आहे. किंमत (बाजारात द्यावे लागणारे पैसे) आणि मोल (वस्तू नसली तर माणसाचं जे जे जाईल ते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत शून्य असली तरी मोल मोठं असू शकतं. ते काढायची एक युक्ती माझ्याकडे आहे."

ती युक्ती अशी होती. समजा एखाद्या जागी तिकीट नाही. पण तिथवर जायला माणूस बसचं भाडं देतो, वेळ घालवतो, दुसरी कामं सोडतो. म्हणजे तिकीट असतंच, फक्त ते दारावर न फाडता वाटेत थोडं थोडं फाडलं जातं. ते तुकडे गोळा करून जोडले की जागेचं मोल कळू लागतं. याला प्रवासखर्च पद्धत म्हणतात.

मग ती इथं का नाही वापरली, असं केतकीने विचारलं.

वापरली होती, मापारी म्हणाला. पण एक अट असते. माणूस त्या जागेसाठी आलेला असला पाहिजे. बाजाराला आलेला माणूस वाटेत समुद्र बघून गेला, तर त्याचं भाडं समुद्राच्या नावावर मांडता येत नाही. म्हणून त्याने दोनशे चौदा जणांना एकेक करून विचारलं होतं, आपण इथं का आलात. एकही माणूस पुळणीसाठी आलेला नव्हता.

त्याने उत्तरं वाचून दाखवली. एकतीस जण म्हणाले होते, इथून चाललो होतो. सोळा जण म्हणाले होते, जरा काम होतं. आणि एकशे सदुसष्ट जणांनी उत्तर दिलं होतं, सहज.

"सहज," मापाऱ्याने आपल्या शब्दकोशातला अर्थ सांगितला. "विनाकारण, विनासायास. कारण नाही, सायास नाही. दोन्ही रकाने रिकामे. बेरीज शून्य."

केतकी खाली वाळूतच बसली. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेली माणसंसुद्धा दारात उभी राहून सहज आलो म्हणतात, आणि मग चहा संपता संपता पिशवीतून पत्रिका काढतात, हे तिला माहीत होतं. ते यंत्राला कुणीच सांगितलेलं नव्हतं. ज्याने शब्दकोश भरला तो माणूस बहुधा कुणाकडे कधी गेलेलाच नसावा.

तिने मापाऱ्याला आधी त्या एकतीस जणांबद्दल विचारलं. इथून चाललो होतो म्हणजे कुठे चालले होते. मापाऱ्याने नकाशा काढला. कुर्लेबंदरचा रस्ता पुळणीवर येऊन संपतो. पुढे समुद्र, आणि त्यानंतर थेट अरबस्तान.

"रस्ता संपतो ही नोंद माझ्याकडे होती," मापारी म्हणाला. "माणसं पुढे चालली होती, हीही होती. दोन्ही नोंदींची एकमेकींशी भेट झालेली नव्हती."

शनिवारी सकाळी केतकीने त्याला पोंक्षेबाईंकडे नेलं. शकुंतला पोंक्षे तालुक्याच्या गावी पोस्टात होत्या, आता निवृत्त. दर शनिवारी त्या पुळणीवर येत आणि पाण्यात पाय बुडवून बसत. मापाऱ्याने विचारलं, आपण का आलात. बाई म्हणाल्या, सहज. मापाऱ्याने केतकीकडे पाहिलं. त्याचा चेहरा म्हणजे नुसता दिवा होता, पण त्या दिव्यावरसुद्धा बघा, मी सांगत होतो, असा भाव आला.

मग केतकी बाईंच्या शेजारी बसली आणि तिने विचारलं, घरून किती वाजता निघालात.

बाई पहाटे पाचला उठल्या होत्या. पोळ्या करून ठेवल्या, मांजर शेजारी दिलं. पहिली बस स्टँडपर्यंत, दुसरी खाडीपर्यंत, मग होडी. होडीवाला अठरा माणसं झाल्याशिवाय सोडत नाही, म्हणून पाऊण तास उन्हात. जाऊन येऊन एकशे दहा रुपये, आणि दिवस संपला. घरी सुनेला त्या सांगून येत की दात दाखवायला चालले.

"वर्षभरात बावन्न दात दाखवून झाले," पोंक्षेबाई म्हणाल्या.

"मनुष्याला बत्तीस दात असतात," मापारी म्हणाला.

"म्हणून तर पुढच्या महिन्यापासून डोळे दाखवणार आहे."

मापाऱ्याचा दिवा बराच वेळ मिचमिचत राहिला. मग तो हळूच केतकीला म्हणाला की शब्दकोशात चूक असण्याची शक्यता आहे. पण सरकारी शब्दकोशातला अर्थ एका बाईच्या दातांवर बदलता येत नाही. निदान दीडशे माणसांचा खरा प्रवासखर्च हाती लागला पाहिजे, आणि तोही रविवारी संध्याकाळच्या आत.

अख्खा कबड्डी संघ कामाला लागला. सातही मुली पाट्या घेऊन पुळणीवर फिरल्या. कुठून आलात, किती खर्च झाला, लिहून घेतो. दुपारपर्यंत एकोणीस उत्तरं मिळाली आणि एकोणिसाच्या एकोणीस खोटी होती. खर्च विचारून पाटीवर लिहून घेणारं कुणी दिसलं की आता कर बसणार, हे इथल्या माणसाला उपजत कळतं. सगळे म्हणाले, छे, काहीच खर्च नाही. ट्रकभर माणसं घेऊन आलेल्या एका काकांनी तर ट्रक कुणाचा आहे ते आपल्याला माहीत नाही, असं सांगितलं. एक जण म्हणाला, आपण भरतीबरोबर वाहत आलो.

केतकी घरी आली ती पाय आपटत. बाबा जेवायला बसले होते आणि आईला दिवसभराची हकिगत सांगत होते. लिलावाला जाताना रिक्षावाल्याने साठाचे ऐंशी घेतले. पुलावर पंचवीस मिनिटं खोळंबा. हमालाला चाळीस, वर त्याच्या चहाचे दहा. बाबा एकेक आकडा असा सांगत होते की जणू तो दगडात कोरला आहे.

केतकीचा घास हातातच राहिला. खर्च विचारला की माणूस लपवतो. त्रास विचारला की माणूस पै न् पै सांगतो, आणि मिनिटंसुद्धा.

रविवारी सकाळी पाट्या घरी ठेवल्या गेल्या. सात मुली सात दिशांना हात हलवत फिरू लागल्या आणि दिसेल त्याच्याजवळ थांबून एकच वाक्य म्हणू लागल्या, येताना फार त्रास झाला असेल ना.

मग जे सुरू झालं ते थांबेना. बस वळणावर कशी अडली, भाडं मागच्या महिन्यापासून किती वाढलं, दुकान बंद ठेवावं लागलं त्याचं किती नुकसान, सगळं बाहेर आलं. माणसं मुलींना हाका मारमारून बोलावू लागली, की इकडे पण या, आमचंही ऐका. कालचे काका ट्रकच्या भाड्यावर पाऊण तास बोलले. त्यांना ट्रकचा मालक एका रात्रीत आठवला होता. बंदरपाड्यावरचे एक म्हातारे तेवढे म्हणाले, "माका कसलो त्रास? मी असोच इलंय." मग लगेच त्यांनी गुडघ्यांची हकिगत सुरू केली आणि ती दोन उतारांवर आणि शंभर पायऱ्यांवर पसरली.

मापारी पुळणीच्या मधोमध उभा राहून सगळं ऐकत होता. लोकांनी त्याच्या तिन्ही पायांवर ओले टॉवेल वाळत घातले होते. तीन वाजेपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी तक्रारी जमा झाल्या.

मग त्याने एक टॉवेल बाजूला सारला आणि पायाने वाळूत एकात एक अशी तीन वर्तुळं काढली. मुली भोवती जमल्या. बाबाही आले होते. जाळं सुकलं का ते बघायला, असं ते म्हणाले.

आतलं वर्तुळ कुर्लेबंदरचं. इथल्या माणसाला पुळणीवर यायला दहा मिनिटं लागतात, खर्च जवळजवळ नाही. तो वर्षाला दीडशे वेळा येतो. मधलं वर्तुळ तालुक्याचं. तिथल्याला भाडं आणि बुडालेला वेळ मिळून दरवेळी एकशेवीस रुपये पडतात. तो बारा वेळा येतो. बाहेरचं वर्तुळ शहराचं. खर्च चारशे, फेऱ्या दोन.

"खर्च वाढतो तशा फेऱ्या घटतात," मापारी म्हणाला. "याचा अर्थ माणसं हिशेब करूनच येतात. फक्त तो तोंडाने सांगत नाहीत."

चाफेखोलशी खेळायचं म्हणून आधीच कातावलेली संघातली धिप्पाड सलोनी म्हणाली की मग हे आपल्या विरुद्धच झालं. शहरवाले चारशे रुपये मोजतात, आपण काहीच नाही. म्हणजे पुळण आपल्याला सगळ्यात कमी मोलाची.

केतकीलाही क्षणभर तसंच वाटलं. मग ती वर्तुळांकडे बघत बसली. शहरातला माणूस चारशे रुपये मोजून दोनदा येतो. मापाऱ्याने तिच्याकडे चारशे मागितले असते, तरी तीही वर्षातून दोनदा आलीच असती, गल्ला फोडून. एकशेवीस मागितले असते तर बारा वेळा. पण तिच्याकडे कुणी काहीच मागत नाही.

"म्हणजे चारशेच्या मोलाच्या त्या फेऱ्या मला फुकट मिळतात," ती हळूहळू म्हणाली. "ते चारशे माझ्याकडेच उरतात. एकशेवीसवाल्या फेऱ्यांचे एकशेवीस उरतात. ज्याचा खर्च सगळ्यात कमी, त्याचं उरतं सगळ्यात जास्त."

मापाऱ्याने टोपी किंचित वाकवली. यंत्रमानवाच्या रिवाजात हा मोठा मान समजतात. तो म्हणाला की या उरलेल्या भागाला ग्राहकाधिक्य (माणूस जेवढं द्यायला तयार होता आणि जेवढं त्याला द्यावं लागलं, यांतली तफावत) असं जड नाव आहे, आणि पुळणीचं खरं मोल त्यातच दडलेलं असतं. ते कुणाच्या गल्ल्यात दिसत नाही, कारण ते माणसं अंगावर घेऊन घरी जातात. मग त्याने गावातली, तालुक्यातली, शहरातली माणसं त्या त्या वर्तुळात मांडून बेरीज केली. वर्षाला सव्वा कोटी रुपये.

सव्वा कोटींवर आपण गेली कित्येक वर्षं भेळेचे कागद टाकतो आहोत, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत होतं.

"आतल्या वर्तुळातली एक नोंद तपासायची आहे," मापारी म्हणाला. "दामोदर कोयंडे. रोज संध्याकाळी, सव्वा तास. कारण: जाळं सुकलं का ते बघणे. परंतु जाळं घराच्या कुंपणावर सुकतं."

मुलींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी कुठे पाहावं ते न सुचून समुद्राकडे पाहिलं आणि ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले. शेवटी म्हणाले की दिवसभर माशांकडे बघितल्यावर माणसाला जरा पाण्याकडे बघावंसं वाटतं, त्यात काय एवढं. पण शीतगृह तर हवंच. मग डोकं खाजवत त्यांनी विचारलं की ते चिऱ्याच्या खाणीत का नाही बांधत. तिच्या तिन्ही बाजूंना जाड दगड आहे, भर वैशाखात आत गारवा असतो, म्हशी काही वेड्या नाहीत.

मापाऱ्याने हिशेब केला. खाणीतलं पाणी उपसायला आणि रस्ता करायला चाळीस लाख जास्त लागतील, पण एकदाच. पुळण गेली तर सव्वा कोटी जातील, आणि दरवर्षी. शिवाय वाळू उधाणाच्या लाटा अंगावर घेते. ती गेली तर गावाला बंधारा बांधावा लागेल, तो खर्च आणखी वेगळा. त्याने नवा तक्ता, एकशे अठ्ठ्याऐंशी तक्रारी आणि शब्दकोशातली दुरुस्ती असं सगळं जिल्ह्याच्या मोठ्या संगणकाकडे पाठवलं. सहज: मनापासून, पण कारण सांगावंसं न वाटता.

सहाच्या आत उत्तर येणार होतं. तोवर काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून सामना सुरू झाला.

चाफेखोलचा संघ होडीने आला होता आणि होडीबद्दल खूप बोलत होता. पुळणीवर आखलेल्या रेषांच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटली. पोंक्षेबाई शनिवार नसूनही आल्या होत्या. सुनेला काय सांगून आल्या ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. पहिल्या डावात कुर्लेबंदर चार गुणांनी मागे पडलं. दुसऱ्या डावात सलोनीने दोघींना धरून ठेवलं आणि फरक दोनावर आला.

सहाला अकरा मिनिटं असताना केतकी चढाईला गेली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. समोर पाच जणी होत्या. तिने डावीकडे झुकून उजवीकडे पाय टाकला, एकीच्या खांद्याला हात लागला, आणि त्याच क्षणी मापाऱ्याच्या डोक्यावरचा हिरवा दिवा लागला.

उत्तर आलं होतं. मापारी तीन पायांनी ठाप ठाप करत रेषेपाशी आला आणि थांबला. सगळ्या पुळणीचे डोळे त्याच्याकडे लागले. चाफेखोलच्या मुलीसुद्धा वळून बघू लागल्या. केतकीचा दम चालू होता. काय आलं ते तिला विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर दम तुटला असता आणि ती बाद झाली असती. ती डोळे मोठे करून मापाऱ्याकडे बघत कबड्डी, कबड्डी म्हणत राहिली. मापारी नियम जाणत होता. तो वाट बघत उभा राहिला.

दोघी जणी एकदम भानावर आल्या आणि त्यांनी तिचा पाय धरला. केतकी वाळूत आडवी पडली, हात ताणला, बोटं लांबवली आणि मधल्या रेषेवर एक बोट टेकवलं. तीन गुण.

"बोल," ती तोंडातली वाळू थुंकत म्हणाली.

"शीतगृह खाणीत," मापारी म्हणाला. "पुळण जशी आहे तशी राहील. मोल मान्य."

यावर जो आरडाओरडा झाला तो चाफेखोलपर्यंत ऐकू गेला, असं पुढे चाफेखोलची माणसं सांगत. बाबांनी ओल्या टॉवेलासकट मापाऱ्याला मिठी मारली. म्हशींच्या मालकाला मात्र दुसरी खाण शोधायला हवी होती. तो तिथंच उभ्याउभ्या आपला त्रास सांगू लागला.

केतकी उठून गुडघे झटकत होती. ती म्हणाली की आता मोल कळलं म्हटल्यावर सगळेच येतील. इतकी माणसं आली तर वाळू पुरेल का.

मापारी म्हणाला की प्रत्येक किनाऱ्याची धारणक्षमता (त्याला इजा न होता त्यावर मावतील तेवढी माणसं) असते. ती कुर्लेबंदरला किती, हे कुणालाच ठाऊक नाही. दर ओहोटीला वाळूची उंची मोजावी लागेल, कुर्ल्यांची बिळं मोजावी लागतील, निदान तीन वर्षं. आणि त्यासाठी इथं राहणारं, ओहोटीची वेळ तोंडपाठ असणारं कुणीतरी लागेल.

केतकीने मागे वळून आपल्या संघाकडे पाहिलं. सातजणींना ओहोटीची वेळ झोपेतसुद्धा सांगता आली असती. ती म्हणाली की उद्या दुपारी पावणेपाचला या, काठी आम्ही आणू.

मग तिने केस पुन्हा घट्ट बांधले. पाणी रेषेला लागायला अजून बावीस मिनिटं होती आणि चाफेखोलच्या दोघी बाकी होत्या.